नोंद नसलेली त्रुटी

"संगणक यंत्रणेत कोणताही बिघाड झालेला नाही. संबंधित कालावधीत एकाही त्रुटीची नोंद आढळत नाही. सबब एकतीस तपासणी अहवाल छपाईपूर्वी नष्ट होण्यास मानवी हस्तक्षेप कारणीभूत आहे."

रुग्णालयाच्या चौकशी अहवालातली ही तीन वाक्ये. पहिल्यात निष्कर्ष, दुसऱ्यात पुरावा आणि तिसऱ्यात शिकार, असा त्यांचा क्रम आहे. 'मानवी' हा शब्द पुढच्या पानावर स्त्रीलिंगी होतो. सव्वीस वर्षे यंत्रखोलीत काम केलेल्या ऑपरेटरबाई, ज्यांना साऱ्या इमारतीत ताई म्हणतात, त्या निलंबित झाल्या. नष्ट झालेल्या अहवालांपैकी एक त्यांच्या थोरल्या दिरांचा होता. मूत्रपिंडे थकत चालल्याचे सांगणारा तो कागद वॉर्डात पोहोचलाच नाही, मूत्रपिंडांना न झेपणारे औषध पाच दिवस तसेच चालू राहिले, आणि आता ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. चौकशी अहवाल याची दखल घेतो ती अशी: "ऑपरेटर व रुग्ण यांचे कौटुंबिक संबंध ताणलेले असल्याचे समजते." कोणाला समजले, कोणाकडून समजले, हे लिहिण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. उरलेल्या तीस रुग्णांशीही ताईंचे भावकीचे वैर असावे, असे गृहीत धरायचे की काय, तेही नाही.

पण खरे रत्न परिशिष्टात आहे. ऑपरेटरने यंत्राला दिलेली प्रत्येक आज्ञा आपोआप नोंदली जाते. त्या नोंदवहीत ताईंनी अहवाल पुसल्याची एकही आज्ञा नाही. यावर परिशिष्ट म्हणते: "अनुभवी व्यक्ती नोंद न ठेवता असे कृत्य करू शकते." म्हणजे यंत्राविरुद्ध नोंद नाही म्हणून यंत्र निर्दोष, आणि बाईविरुद्ध नोंद नाही म्हणून बाई धूर्त. एकाच कोऱ्या कागदावरून दोन निकाल देणाऱ्या या न्यायबुद्धीपुढे मी बराच वेळ हात जोडून बसलो. अहवालाखाली सही होती प्रणाली-प्रमुखांची. यंत्रखोलीत त्यांचे नाव 'सर्वज्ञ'.

अपील झाले आणि बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मला बोलावले गेले.

यंत्रखोली म्हणजे उंचावलेली फरशी, खालून वाहणारा गार वारा, आणि त्या वाऱ्याला वैतागून खुर्च्यांवर कायमचे टांगलेले स्वेटर. ताईंचा स्वेटर अजून तिथेच होता. छपाईयंत्रे सांभाळणारे काका माझ्याजवळ सरकले.

"सर्वज्ञ साहेबांचा प्रोग्राम बघायला आलात ना? बघा बघा. अकरा वर्षं झाली, त्याला साधी शिंक आलेली नाही."

"नवल आहे."

"नवल कसलं? माझ्या सासऱ्यांचंही तसंच होतं. कधी आजारी पडले नाहीत. डॉक्टरकडे जायचेच नाहीत ना!"

काकांनी नकळत संपूर्ण निदान सांगितले होते. मला फक्त ते सिद्ध करायचे होते.

ज्यांना या विद्येशी देणेघेणे नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मेनफ्रेमची, म्हणजे या मोठ्या मध्यवर्ती संगणकाची, कार्यप्रणाली आपल्या कामात काही ठरलेल्या जागी थांबते आणि तिथल्याच माणसाने असेंब्लर या यंत्राला जवळच्या भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला विचारते: पुढे जाऊ का? या थांब्याला एक्झिट म्हणतात. उत्तर आकड्यात द्यायचे. शून्य म्हणजे जा, चार म्हणजे थांब. इथे दर तासाला जुने अहवाल पुसणारी सफाई चाले, आणि प्रत्येक अहवाल पुसण्याआधी सर्वज्ञांच्या प्रोग्रामला विचारले जाई. अहवालावरचा वॉर्ड आपल्या यादीत शोधायचा, अहवाल तिथे छापला गेला असेल तर शून्य, नसेल तर चार, एवढेच त्याचे काम.

असा प्रोग्राम स्वतःच कोसळला तर? त्यासाठी त्याच्यामागे सावरणारा एक तुकडा उभा करतात. त्याने आधी काय कोसळले ते लिहून ठेवायचे आणि मग जे उत्तर दिल्याने कमीत कमी नुकसान होईल ते द्यायचे. पुसू का, असे विचारले असता आणि आपण शुद्धीवर नसता, ते उत्तर 'नको' हे असते. हे कळायला असेंब्लर यावे लागत नाही.

सर्वज्ञांनी मूळ प्रोग्रामची छापील प्रत माझ्यापुढे अशा रीतीने ठेवली, जसा कुणी आपल्या लग्नाचा फोटो पाहुण्यांना दाखवावा.

"या काळातली मुलं असं लिहू शकत नाहीत," ते म्हणाले. "एकदाही यंत्र पडू दिलं नाही मी."

"वॉर्डांची यादी प्रोग्राममध्येच आहे?"

"आहे ना. चोवीस वॉर्ड."

"रुग्णालयात पंचवीस आहेत."

"पंचविसावा मार्चमध्ये उघडला. ती यादी वाढवायची राहिली असेल. किरकोळ गोष्ट आहे."

किरकोळच. नष्ट झालेले एकतीसही अहवाल याच वॉर्डाचे होते. पंचविसाव्या वॉर्डाचे नाव शोधत प्रोग्राम यादीच्या टोकापलीकडे जाई, परक्या स्मृतीत पाय टाकी आणि कोसळे. त्याच क्षणी मागचा तुकडा जागा होई. मी त्याची पाने उलटली. तिथे मला सात ओळी सापडल्या. उत्तर शून्य ठेवा. स्मृतीचे चित्र काढू नका. त्रुटीची नोंद करू नका. जणू काही घडलेच नाही असे परत जा.

अकरा वर्षांच्या निरोगीपणाचे रहस्य सात ओळींत मावले होते. रोगी मेला की नाडी चालू आहे असे लिहून द्यायचे, आणि प्रेत वॉर्डातून हलवायचे.

"हे असंच लिहितात का?" मी विचारले.

"यंत्र चालू राहणं महत्त्वाचं." त्यांचा आवाज चढला. "तुम्ही पुस्तकं वाचता, आम्ही यंत्र चालवतो."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर प्रयोग झाला. अध्यक्षबाई, सर्वज्ञ, छपाईवाले काका, आणि ताई, ज्यांना भिंतीलगतची खुर्ची देण्यात आली होती. पंचविसाव्या वॉर्डाचे छपाईयंत्र काकांनी बंद केले. ते एरवीही अधूनमधून बंदच असे; चालू असताना अहवाल सफाईआधी छापून निघत, बंद असताना रांगेत अडकून पुसले जात. मी दोन खोटे अहवाल रांगेत टाकले, एक तिसऱ्या वॉर्डाच्या नावाने आणि एक पंचविसाव्याच्या. तिसऱ्याचेही छपाईयंत्र बंद ठेवले. मग सर्वज्ञांनाच सफाई चालवायला सांगितली. ताईंचे हात त्यांच्या मांडीवर होते, सर्वांना दिसतील असे.

तिसऱ्या वॉर्डाचा अहवाल रांगेत राहिला. पंचविसाव्याचा नव्हता.

"नोंद?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "आता त्या सात ओळींतलं नोंदीपुढचं एकच 'नका' काढू द्या."

बदल करून प्रयोग पुन्हा केला. अहवाल पुन्हा गेला, पण या वेळी त्रुटींच्या यादीत एक ओळ उमटली आणि तिच्यात सर्वज्ञांच्या प्रोग्रामचे नाव होते. काकांनी ती मोठ्याने वाचली. वाचताना त्यांना जो आनंद झाला तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"साहेब, शिंकलं बघा."

"काका, गप्प बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्या सर्वज्ञांकडे बघत होत्या. "साहेब, हे तुम्हाला माहीत होतं?"

सर्वज्ञांनी यंत्राच्या प्रतिष्ठेविषयी काही सांगायला सुरुवात केली. मध्येच ताई उठल्या. त्या दिवशी त्यांनी तोंडातून काढलेले हे पहिले शब्द.

"बाई, नोकरीचं नंतर बघा. माझी जाऊ तीन महिने माझ्याशी बोलत नाहीये. एकाच घरात राहतो आम्ही. ती माझ्या हातचा चहा घेत नाही. दीर काही म्हणत नाहीत, नुसते बघतात." त्या सर्वज्ञांकडे वळल्या. "तुमचं उत्तर मला कागदावर हवंय साहेब. सही-शिक्क्यासकट. घरी न्यायचंय."

अध्यक्षबाईंनी लेखनिकाला बोलावले. सर्वज्ञांनी पाणी मागितले, पेला संपवला, दुसरा मागितला. सव्वीस वर्षे ज्यांच्या यंत्राची राखण या बाईने केली ते गृहस्थ तिच्याकडे एकदाही न बघता बोलले. ताईंचे निलंबन त्याच दुपारी मागे घेतले गेले. सर्वज्ञ सध्या दीर्घ रजेवर आहेत, आणि रजेच्या अर्जात कारण 'प्रकृती' असे दिले आहे.

तो कागद ताईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. जाऊबाईंनी चष्मा शोधला आणि आतूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. मी तिच्यात एका अक्षराचाही बदल करत नाही:

"नोंद मीच बंद केली. बारा वर्षांपूर्वी, प्रोग्राम नवा होता तेव्हा, रोज सकाळी त्रुटींच्या यादीत माझ्या प्रोग्रामचं नाव यायचं आणि ऑपरेटर ती यादी सगळ्यांसमोर वाचायचे. चूक शोधली, सापडली नाही. म्हणून यादीत नाव येणं बंद केलं. वॉर्ड वाढला आहे हे मला माहीत होतं. अहवाल गेले तेव्हा सात ओळी काढून बघितल्या आणि काय झालं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ताईंनी काही पुसलेलं नाही. कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, आणि माझं द्यायचं नव्हतं."