वेदीपाशी ठेवलेला घड

पाळक वेदीवरून बोलतात ते ऐकायचं, मान डोलवायची आणि घरी जाऊन घेवडा शिजत घालायचा. आमच्या गावात सगळे असंच करतात, मीही तेच करते. आमच्या थोरल्या भावानं, मुतालेम्वादादानं मात्र त्या सुगीच्या रविवारी ऐकलेलं तिथल्या तिथं करून दाखवलं, आणि मग निस्तरायला मी होतेच.

सुगीच्या उपासनेला जो तो आपल्या बागेतलं उत्तम ते घेऊन येतो. कोंबड्या, अंडी, रताळी, कॉफीच्या टोपल्या, केळ्यांचे घड. सगळं वेदीपाशी मांडायचं, पाळकांनी आशीर्वाद द्यायचा आणि नंतर बाहेर अंगणात त्याचा लिलाव. त्या वर्षी दादाचा घड एवढा मोठा होता की दोन गड्यांनी काठीला बांधून आणला. दादाला स्वतःला काही उचलवतच नव्हतं. त्याच्या घशात गाठ झाली होती आणि दवाखान्यातून त्याला घरी पाठवून दिलं होतं, जे गिळवेल ते द्या म्हणून. पातळ पेजेवर होता बिचारा. त्याची बायको मागेच गेली, मी नवऱ्यामागं माहेरी परत आलेली, म्हणून त्याचं सगळं मीच बघत होते. घड आत आला तसा बायकांनी सुस्कारा सोडला, "शेवटचाच म्हणायचा!" माझ्या कानावर पडलं. असे डोळे वटारून बघितलं मी त्यांच्याकडं, की गप्प बसल्या.

त्या दिवशी इशेंगोमा पाळकांनी वचन घेतलं ते अर्पणाचं. देवाला अर्पण करायला आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे हे आठवलं, तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. पाळक छान बोलतात. बोलून झालं, गाणं सुरू झालं, आणि दादा काठी टेकत उभा राहिला.

"पाळकसाहेब, माझा घड लिलावात काढू नका," त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तो इथंच राहू द्या. मी काटुंझीकडं जाऊन येतो."

आणि भर गाण्यातून चालू पडला की! मी पण चप्पल सापडेना म्हणून अनवाणीच त्याच्यामागं धावले.

काटुंझी आमचा धाकटा. त्याच्या मनात काय आहे हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. वडील गेल्यावर खालच्या बागेवरून दोघांचं वाजलं. बाग कसत होता काटुंझी, पण वारस थोरला. दादानं त्याला बजावलं होतं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. अशातच काटुंझीची धाकटी लेक, आलिंदा, तापानं फणफणली. गावात मोटारसायकल होती ती एकट्या दादाकडं. तिन्हीसांजेला काटुंझी पोरीला खांद्यावर टाकून आला आणि दार बडवायला लागला. दादा आत जेवत होता. त्याला वाटलं, भांडायला आलाय. उठला नाही. काटुंझी पायीच दवाखान्याकडं निघाला आणि पोर वाटेतच गेली. तिला त्यानं खालच्या बागेत पुरलं, वर दगड रचले. पुढं कुळातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला तो दादाच्या बाजूनं. बाग दादाकडं आली, आणि बागेबरोबर ते दगडही. काटुंझी वर टेकडीवर राहायला गेला, तो परत खाली कुणाला दिसला नाही.

टेकडी चढताना दादा चारदा बसला. काटुंझी अंगणात कोयत्याला धार लावत होता. आमच्याकडं दारात शत्रू जरी आला तरी आधी बसायला सांगतात, मग उकडून वाळवलेल्या कॉफीच्या फळांची परडी पुढं करतात. एका फळात दोन बिया. एक यजमानानं चावायची, एक पाहुण्यानं. दोघांनी चावली की मनात काही राहिलं नाही असं समजायचं. काटुंझीनं परडी आणली नाही, बसायलाही सांगितलं नाही.

"काय काढलंस?" त्यानं विचारलं.

"क्षमा मागायला आलोय रे," दादा म्हणाला.

"आज कशी आठवण झाली?"

दादा बिचारा सरळ माणूस. त्यानं सगळं सांगून टाकलं. पाळक काय म्हणाले, घड कसा वेदीपाशी ठेवला, सगळं. काटुंझी हसला. असं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"म्हणजे घड अडकलाय तुझा. तो सुटावा म्हणून आलास. घड नसता तर आला असतास?"

"अरे मेल्या, माणूस मरायला टेकलाय," मला राहवेना. "जरा तरी दया-माया ठेव!"

"ताई, तू मध्ये पडू नकोस." त्यानं कोयता खाली ठेवला. "दादा, घड कुठल्या केळीचा?"

"खालच्या बागेतला. सगळ्यात मोठा तोच होता."

"कडेच्या केळीचा? दगडांपाशी आहे ती?"

दादाचा चेहरा उतरला.

"तिचा कोंब मी लावला होता," काटुंझी म्हणाला. "आलिंदाला ठेवल्यावर, तिला सावली हवी म्हणून. दर रविवारी जातो मी तिथं, तुम्ही सगळे चर्चमध्ये असता तेव्हा. आज गेलो तर बुंधा आडवा पडलेला, चीक अजून गळत होता."

"मला दगड दिसलेच नाहीत रे," दादा म्हणाला. "मी वर घडाकडंच बघत होतो."

"तेच तर. त्या संध्याकाळी तुला मी तरी कुठं दिसलो?"

मग तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. येताना दादाला मी जवळजवळ पाठीवरच घेऊन आले.

घड राहिला वेदीपाशी. पुढच्या रविवारी पिवळा झाला, त्याच्या पुढच्या रविवारी काळा पडायला लागला. चिलटं झाली. लहान मुलं उपासनेत नाक दाबून बसायला लागली. कुणी म्हणे, उचला आणि टाका बाहेर. कुणी म्हणे, वचनात तिथंच ठेव म्हटलंय, हात कसा लावायचा? शेवटी पाळक माझ्या दारात आले.

"कोकुतोनाबाई, तुम्हीच काहीतरी करा."

"मी काय करू? तुम्हीच बोललात ना? भाऊ नाही म्हणाला तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं तुमचं."

पाळक टोपी हातात फिरवत उभे राहिले. भला माणूस, खोटं बोलता येत नाही त्यांना. म्हणाले, "ते पुढचं लिहिलेलं नाही हो."

चालवत होतं तोवर दादा टेकडीवर जात राहिला. काटुंझीच्या कुंपणाबाहेर झाडाखाली बसायचा. काटुंझीची बायको मुकाट्यानं चौरंग ठेवून जायची, वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात पाणी ठेवायची. काटुंझी मागच्या वाटेनं बागेत निघून जायचा. मी दोघांना शिव्या घातल्या. याला म्हटलं, जाऊ नकोस, त्याच्या मनात येईल तेव्हा येईल. त्याला निरोप धाडला, तुझं काळीज आहे की जात्याचा दगड? कुणी ऐकलं तर शपथ. मग दादाचे पायच चालेनात.

एका सकाळी मला म्हणाला, "मला चर्चमध्ये ने."

शेजारच्यानं सायकलवर बसवून नेला, मी पाठीला धरून. आत घड सडून निम्माही उरला नव्हता, नुसता चिखल झाला होता. दादानं तो दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला. पांढऱ्या अंगरख्यावरून काळं पाणी ओघळलं. पाळक धावत आले, "अहो, आम्ही टाकतो, तुम्ही कशाला..."

"टाकायचा नाही," दादा म्हणाला. "हा माझा नव्हताच. दुसऱ्याचं उचलून देवाला द्यायला निघालो होतो मी."

तसाच तो घड मांडीवर घेऊन सायकलवर बसला, खालच्या बागेत गेला. आलिंदाच्या दगडांपाशी, तोडलेल्या केळीच्या मुळाशी त्यानं तो हातानं पसरला, वर कोरडी पानं झाकली. बुंध्याशेजारी नवा कोंब वर आला होता. त्याच्याभोवती माती दाबली. नखांत माती, अंगाला तो वास, आणि माणूस हुंदके देऊन रडत होता. मोठा झाल्यापासून दादाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"काटुंझीला सांगू का?" मी विचारलं.

"नको. सांगितलंस तर परत त्याच्याकडं काही मागितल्यासारखं होईल."

मी नाही सांगितलं. तोंडावर हात ठेवून बसले. सोपं नव्हतं ते, माझ्या तोंडाला तर मुळीच नाही.

रविवारी मंडळी चर्चमध्ये गेली. दादाला आता पाणीही उतरत नव्हतं, म्हणून मी घरीच होते. दार ढकलून काटुंझी आत आला. पायांना खालच्या बागेची माती लागलेली. हातात परडी होती. जमिनीवर पसरलेल्या गवतावर तो दादाच्या उशाशी बसला. मग एक फळ फोडलं, एक बी स्वतःच्या हातात ठेवली, दुसरी दादाच्या ओठांना लावली.

"दादा, घे. चाव."

दादानं डोळे उघडले. त्याला ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. तोंड उघडलं, बी घेतली, जबडा हलवून बघितला. जमेना. बी गालात धरून तो काटुंझीकडं बघत राहिला. काटुंझी आपली बी मुठीत घेऊन थांबला होता, दोघांनी एकदम चावायची म्हणून.

"सावकाश," तो म्हणत होता, "सावकाश चाव, मला घाई नाही."

मंडळी घरी परतायच्या आत दादा गेला.

कुळातले थोरले काका आले. काठी आपटून त्यांनी पहिलं काय विचारावं? "चावली का त्यानं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं नाही ते. गालात धरण्याला काही अर्थ नाही. समेटाशिवाय तसंच पुरावं लागेल."

त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. पण दादाचा जबडा बांधायचा होता. मी बोट घालून बी बाहेर काढली. अख्खी होती, दाताची खूणसुद्धा नव्हती. काटुंझीनं हात पुढं केला.

"आण इकडं."

त्यानं मूठ उघडली. आपली बी आणि दादाची बी, दोन्ही तोंडात टाकल्या आणि काकांच्या डोळ्यांत डोळे घालून चावल्या. घरात तेवढाच आवाज होता. गिळून झाल्यावर म्हणाला, "आता झालं. कुदळ कुठं आहे?"

आलिंदाच्या शेजारी खड्डा त्यानं एकट्यानं खणला, कुणाला हात लावू दिला नाही. पाळक समेटावर बोलले, छानच बोलले, मंडळीनं मान डोलवली आणि सगळे आपापल्या घरी गेले. काटुंझी तिथंच मातीत बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"ताई, फार उशीर केला गं मी," तो म्हणाला.

"हो, केलास," मी म्हणाले, आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.