अर्धा कोयता

ढाणकीपासून थोड्या अंतरावर, माळाच्या कडेला वसलेल्या त्या तांड्यात आषाढातली एक साधी सकाळ होती. रामीबाई चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत होती. तिचा नवरा खेमसिंग दारात बसून बाजेची सैल झालेली सुतळी ओढून बसवत होता. थोरली मुलगी अंजू शाळेचा गणवेश घालून धाकट्या वैष्णवीची वेणी घालत होती. अंजूला पंधरावं लागलं होतं. ती दहावीत होती, आणि तांड्यातल्या मुलींपैकी दहावीपर्यंत पोचलेली त्या वर्षी ती एकटीच होती.

त्याच सकाळी साखर कारखान्याची जीप तांड्यात आली. तिच्यातून मजूर पुरवणारा मुकादम बापूजी उतरला आणि त्याच्यामागून प्राची. प्राची यवतमाळची. वडील मधुसूदनराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. घरात दोन पिढ्या कचेरीतली नोकरी. ती मनुष्यबळ व्यवस्थापन शिकत होती, आणि शिक्षणाचं शेवटचं वर्ष तिला एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करून पुरं करायचं होतं. उमरखेडच्या बाजूच्या या कारखान्यात तिला जागा मिळाली. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोणकोण येणार याची नोंदणी करणं, हे तिचं पहिलं काम.

म्हाताऱ्या बायका गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलायच्या. प्राचीला त्यातलं अवाक्षर कळेना. तेव्हा अंजू शाळेचं दप्तर खाली ठेवून मध्ये उभी राहिली आणि इकडचं तिकडे सांगू लागली. तिनेच प्राचीला समजावलं की इथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. त्याने ऊस तोडायचा, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. पलीकडच्या तांड्यातला बादल असाच अर्धा. एकोणीस-वीस वर्षांचा, आई वारलेली, मागच्या हंगामात एकटाच आला होता.

"ताई, तुमच्या कॉलेजात माणसं मोजाचं शिकवतात का?" अंजूने विचारलं.

"मोजायचं नाही गं, सांभाळायचं शिकवतात," प्राची हसून म्हणाली.

रामीबाईने तिला चहा दिला. अंजू धावतपळत शाळेला गेली. प्राचीला तो तांडा आवडला.

कचेरीत परतल्यावर तिने सगळी नोंद नीट मांडून पियूष सरांपुढे ठेवली. ते मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. शांत, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाले की अर्धे कोयते फार दिसताहेत, अर्ध्याने गाडी भरत नाही. मुकादमांना फोन करून सांग, यंदा जोड्या पूर्ण करून आणा. प्राचीने त्या दुपारी एकेका मुकादमाला फोन लावला. बापूजीलाही तिने तेच सांगितलं. जोड्या पूर्ण करा, म्हणजे आणखी नवराबायको शोधून आणा, असंच तिच्या मनात होतं. काम वेळेत झालं म्हणून ती खूशही होती.

दिवाळी झाली. कारखान्याची चिमणी धूर ओकू लागली. मजुरांच्या खोप्यांना पाणी पोचतंय की नाही हे पाहायला प्राची उसाच्या फडावर गेली, आणि मोळी डोक्यावर घेऊन पाचटातून येणारी एक मुलगी तिच्यासमोर थबकली. हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या, गालावर उसाच्या पात्याने कापल्याचे ओरखडे.

"अंजू? तू इथं काहून?"

अंजूने मोळी गाडीत टाकली. मग खालच्या आवाजात सांगितलं, "लगीन झालं ना ताई. बादलसंगं."

प्राची तडक खेमसिंगच्या खोपीवर गेली. हे लग्न गुन्हा आहे, तिने त्याला बजावलं. पोलीस तुम्हालाही धरतील, बादललाही धरतील. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरच वय विचारून पोलिसांना कळवतील. खेमसिंग हात जोडून ऐकत राहिला. मग हळूहळू बोलता झाला. तो आणि रामीबाई सहा महिने फडावर असतात, धाकटी वैष्णवीही त्यांच्यासोबत. अंजूला आता मागे एकटीला ठेवायची सोय नव्हती. मागच्या वर्षी ठेवलं तेव्हा गावातली पोरं दारावरून मोटरसायकली फिरवायची. सोबत आणून उघड्या खोपीत झोपवायची तीही भीतीच. त्यात बापूजी रोज येऊन सांगायला लागला. बादल चांगला पोरगा आहे, निर्व्यसनी आहे, कारखान्याला पूर्ण जोड्या पाहिजेत, लेक तुमच्या डोळ्यांपुढेच राहील.

कारखान्याला पूर्ण जोड्या पाहिजेत. ते शब्द प्राचीनेच फोनवर बापूजीला सांगितले होते.

तिने पियूष सरांना सांगितलं. ते म्हणाले, हे मजूर आपल्या हजेरीपटावर नाहीत, ते मुकादमाचे. तिने घरी फोन केला. मधुसूदनराव म्हणाले, वर्ष पुरं कर, मग काय ते समाजकार्य कर. मुलांच्या मदतीसाठीचा सरकारी नंबर तिने दोनदा फोनवर काढला आणि ठेवून दिला. बादल तुरुंगात जाईल, अंजूचं आणखी हसं होईल, असं तिने स्वतःला समजावलं. आपलं वर्ष वाया जाईल, हेही त्यात होतं. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ती फडावर आली की अंजू कुठेच दिसायची नाही. जीपचा आवाज ऐकून रामीबाई तिला दूरच्या सरीत पाठवायची. एकदाच पाण्याच्या टाकीपाशी दोघींची गाठ पडली. अंजूचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिला दिवस गेले होते आणि सारखी चक्कर येत होती. दहावीचं पुस्तक सोबत आणलं होतं, पण अक्षरं हलतात, असं ती म्हणाली. प्राचीने कचेरीत डॉक्टरसाठी शब्द टाकला. पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर आलं.

होळी जवळ आली तेव्हा अंजूला रक्तस्राव सुरू झाला. पहिल्या दिवशी रामीबाईने तिला खोपीत निजवलं आणि घरगुती औषध दिलं. दुसऱ्या दिवशी बादल म्हणाला, दवाखान्यात नेऊ. खेमसिंगने नकारार्थी मान हलवली. तिथे वय विचारतात. दुपारपर्यंत अंजू बोलेनाशी झाली. तेव्हा बादलने कुणाचंच न ऐकता तिला पाठीवर घेतलं, ट्रॅक्टर उभा होता तिथवर पळत गेला आणि ट्रॉलीतल्या उसावर गोधडी टाकून तिला निजवलं. उमरखेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे हात गार पडले होते.

प्राची पोचली तेव्हा रामीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आत खेमसिंग पोलिसाच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. बादल पायरीवर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. प्राची रामीबाईजवळ बसली. 

रामीबाई बोलली. आवाजात राग नव्हता.

"तूच म्हनली होती ना बाई, दवाखान्यात वय इचारतात, पोलीस धरतात. म्हनून नाही आनलं. घाबरलो आमी."

कायदा खरा होता, प्राचीने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण तिने त्या माणसांना फक्त भीती दिली होती. त्यांच्या लेकीला कुठे ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि तो प्रश्न तिने विचारलाही नव्हता.

त्या वर्षी तांड्यात होळीची गाणी झाली नाहीत. पोलिसांत नोंद झाली. खेमसिंग आणि बादल काही काळ कोठडीत राहून जामिनावर सुटले. जोडी लावून देणाऱ्या बापूजीचं नाव कुठे आलं नाही. जोड्या मागणाऱ्या कारखान्याचं तर नाहीच नाही.

वैशाखात पियूष सरांनी प्राचीला पुन्हा बोलावलं. पुढच्या हंगामाची तयारी सुरू झाली होती. त्यांनी तोच कागद पुढे केला, तेच शांत शब्द उच्चारले. मुकादमांना फोन कर, जोड्या पूर्ण करायला सांग.

"सर, हा निरोप मी गेल्या वर्षी दिला होता," प्राची म्हणाली. "त्यातून एक लग्न झालं आणि ती मुलगी गेली. मी हा फोन करणार नाही."

 तुझ्या वर्षाचा शेरा मलाच लिहायचा आहे, एवढी सरांनी आठवण करून दिली. मग तो कागद त्यांनी दुसऱ्या कारकुनाकडे सरकवला. फोन व्हायचे ते झालेच.

प्राची एसटीने ढाणकीला आणि तिथून पायी तांड्यावर गेली. बापूजी तिच्या आधी पोचला होता. बादल पुन्हा अर्धा झाला होता, आणि वैष्णवीला तेरावं लागलं होतं. मेलेल्या बहिणीच्या जागी धाकटी द्यायची, त्यात वावगं काय, असं बापूजी खेमसिंगला समजावत होता. बादल खाली मान घालून बसला होता. वैष्णवी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

प्राचीने या वेळी कायद्याचं नाव काढलं नाही. ती रामीबाईपुढे बसली आणि जोड्या पूर्ण करायचा तो निरोप गेल्या वर्षी बापूजीला आपणच फोनवर दिला होता, हे तिने सांगितलं.  रामीबाईने शिव्या दिल्या असत्या तर प्राचीला बरं वाटलं असतं. पण रामीबाई उठली, दाराआडून वैष्णवीला ओढून तिने आपल्याजवळ बसवलं आणि बापूजीकडे वळली.

"अंजूले मांगं ठेवाले कोनी नोतं, म्हनून तिचं लगीन केलं. यंदा मीच मांगं राहीन. ह्यायलेबी अर्धाच लिहा." तिने खेमसिंगकडे बोट केलं.

खेमसिंगने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बादलने डोळे पुसले आणि उठून, कुणाचा निरोप न घेता, आपल्या तांड्याच्या वाटेला लागला. बापूजी म्हणाला, अर्धे कोयते मी नेत नाही. नको नेऊ, रामीबाई म्हणाली.

त्या हंगामात खेमसिंग ढाणकीच्या बाजारात पोती उचलू लागला. घरात ओढाताण झाली. तांड्यातल्या आणखी दोघी बायकांनी फडावर जाताना आपल्या मुली रामीबाईकडे ठेवल्या, आणि त्या छोट्या घरात दाटी झाली. प्राचीचा शेरा वाईट आला. तिने यवतमाळला नोकरी शोधली नाही. उमरखेडला एक खोली घेतली आणि मागे राहणाऱ्या मुलींसाठी हंगामापुरतं वसतिगृह मिळावं म्हणून एकेका कचेरीचे उंबरे झिजवू लागली. मधुसूदनराव तिच्याशी तुटक बोलत.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघाले त्या दिवशी ती तांड्यातच होती. शेवटच्या ट्रॉलीत भांड्यांच्या आणि गोधड्यांच्या ढिगावर एक मुलगी बसली होती. हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या. वैष्णवीने तिला ओळखून हात हलवला. ती वरच्या तांड्यातली, तिच्याच वर्गातली. त्या मुलीनेही हात वर केला, आणि शेजारच्या बाईने तो खाली ओढला. ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाला.

"याडी, तिची परीक्षा?" वैष्णवीने आईला विचारलं.

 रामीबाईने डोक्यावर पदर घेतला आणि ती प्राचीला म्हणाली, "चाल. तिच्या आजीले म्या ओळखतो. पोरीले परीक्षेले वापस आनता येते का, इचारू."

दोघी वरच्या तांड्याच्या वाटेला लागल्या.