सात वेळा वाजलेली खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला घडवलं तेव्हा माझा मागचा डावा पाय केसभर सैल राहिला. त्यामुळे कुणीही बसलं की मी करकरते, अगदी मांजर बसलं तरी. "अहो, चुगलखोर झाली ही!" सुताराची बायको म्हणाली, आणि तेच नाव मला चिकटलं. पण मित्रांनो, रिकामी असताना मी एकदाही वाजलेली नाही. याचा मला अभिमान आहे.

बरीच वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यांची कंबर सांभाळली. मग एका स्टुडिओत आले आणि तिथे भुताच्या सिनेमात मला काम मिळालं.

गोष्ट चांगली होती. एक आई आपल्या मुलीला घरातल्या भुतापासून जपते. शेवटी कळतं की भूत म्हणजे ती आईच. ती केव्हाच वारली आहे, पण लेकीत जीव अडकलाय. ही आई मुलीच्या उशाशी माझ्यावर सात वेळा बसते.

आवाज टिपणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी दिग्दर्शकांना गाठलं. "साहेब, आईला वजनच नाही ना? मग खुर्ची वाजेल कशी? हे सात आवाज काढू या. शेवट कळला की लोकांना आपोआप आठवेल."

"ताई, भुताचा सिनेमा आहे. करकर नको, तर काय बासरी घालू?" साहेबांनी उलट माझा आवाज दुप्पट केला.

मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून खोटं वदवून घेतलं होतं. पुढच्या दृश्यात गप्प राहायचं मी ठरवलं, पण आई बनलेल्या बाई चांगल्या धडधाकट होत्या. माझा नाइलाज झाला.

पहिल्या खेळाला मला शोभेसाठी थिएटरच्या दाराशी ठेवलं होतं. शेवट उलगडला आणि सिनेमा दाखवणाऱ्या काकांची मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई भूत होती, तर खुर्ची कशी वाजली? फसवलं!" आधी मागची रांग हसली, मग सगळं थिएटर. साहेब मान खाली घालून निघून गेले.

ताई टोमणा मारायला नाही, काम मागायला गेल्या. "सिनेमा टीव्हीवर जायला पंधरा दिवस आहेत. मला चार द्या."

"लोक हसले, ताई. आता काय उपयोग?"

"चार दिवस," ताई पुन्हा म्हणाल्या. साहेबांनी ते दिले.

ताईंनी माझे सातही आवाज पुसले. आठवा मात्र ठेवला. आई कायमची गेल्यावर मुलगी माझ्यावर येऊन बसते, तेव्हाचा. तो आधी ढोल-व्हायोलिनच्या गदारोळात बुडाला होता. ताईंनी तिथलं संगीतच काढून टाकलं.

मग त्यांनी साहेबांना, काकांना आणि त्यांच्या मुलीला बोलावून सिनेमा पुन्हा दाखवला. सात वेळा आई बसली, सात वेळा मी गप्प. शेवटी तिची लेक बसली आणि मी करकरले. बस्स, तेवढाच आवाज.

काकांच्या मुलीने वडिलांचा हात घट्ट धरला. "बाबा, आता ती खरंच एकटी आहे."

साहेब डोळे पुसून ताईंना म्हणाले, "पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं तुमचं."

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, अधूनमधून फडका मारा. पण माझा पाय घट्ट करू नका, आणि मी गप्प असेन तिथे माझ्या नावाने आवाज घालू नका. कुणी बसलं, तर मी सांगेनच.