पाचव्या गाण्यानंतरचा चहा

"कमी कर ना थोडा," वैभवी म्हणाली. "कसंतरीच वाटून राहिलं मले."

धर्मेंद्रने आवाजाचं बटण डावीकडे फिरवलं. बटणाशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता. तो प्रेमानंदने काढलेला. ऐकायचं ते ठिपक्यावर, कमी नाही, जास्त नाही, हा त्याचा नियम होता. बटण ठिपक्याच्या बरंच मागे येऊन थांबलं. गिटार आता शेजारच्या गल्लीत कुणी वाजवत असावं तशी ऐकू येऊ लागली.

प्रेमानंदला जाऊन आठ महिने झाले होते. ड्युटी संपवून बुटीबोरीहून येताना जामठ्याजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली होती. रामेश्वरीतल्या त्याच्या घरात त्यानंतर वैभवी, धर्मेंद्र आणि मिनल हे त्याचे मित्र पहिल्यांदाच एकत्र आले होते. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आता त्याचाही फोटो होता. अशा घरात भिंती हादरतील इतका आवाज लावायचा हे मिनललाही बरं वाटत नव्हतं.

दरवर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी ते चौघं 'अर्थिंग'चा दुसरा अल्बम पूर्ण ऐकत. 'अर्थिंग' हा नागपूरचाच बँड. पहिल्या अल्बममधलं एक गाणं तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजायचं. दुसरा अल्बम आला आणि लोक गोंधळले. त्याचं नाव 'बारा ते चार'. मे महिन्यातल्या ज्या वेळात नागपूरचे रस्ते ओस पडतात, ती वेळ. सात गाणी, सगळी संथ. ड्रम उशिरा येणारे, गायकाचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. एकाही गाण्यावर नाचता येत नव्हतं. अल्बम विकला गेला नाही आणि बँड फुटला.

या चौघांना मात्र तो सोडवला नाही. वैभवी शाळेत भाषा शिकवते, तिला त्यातले शब्द आवडत. हुडकेश्वरला मोबाइल दुरुस्त करणारा धर्मेंद्र गिटारसाठी भांडायचा. पहिला अल्बम आवडणाऱ्यांना लग्नाला बोलवावं, दुसरा आवडणाऱ्यांना घरी, असं प्रेमानंद म्हणायचा. आणि म्हणून तो यांना घरी बोलवायचा. प्लायवूड आणून त्याने स्वतः बनवलेले दोन छातीइतके उंच स्पीकर त्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. ऐकताना बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, गाणं मधून सुरू करायचं नाही. एवढ्या शिस्तीत फक्त एक गोष्ट आपोआप घडायची. पाचवं गाणं संपलं की त्याचे वडील, देवाजी काका, चहाचा ट्रे घेऊन दारात उभे राहायचे. पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मधे बँडने बरीच शांतता सोडली होती. त्या शांततेत कप हातात येत. योगायोग चांगला आहे, असं सगळे समजत.

आजचा रविवार शेवटचा होता. प्रेमानंदच्या बहिणीने, दीक्षाने, बेसाहून मिनलला फोन केला होता. दादाचे स्पीकर तुम्हीच न्या, त्याला ते आवडलं असतं, ती म्हणाली. खोली रिकामी झाली तर एक भाडेकरू ठेवता येईल, बाबांना सोबत होईल. तसंही बाबांना ऐकू कुठे येतं. धर्मेंद्रने संध्याकाळसाठी एका ओळखीच्या माणसाचा टेम्पो सांगून ठेवला होता.

ऐकू येत नाही, हे मिनलच्याच तोंडचं वाक्य होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती ऐकण्याच्या चाचण्या घेते. काही वर्षांपूर्वी प्रेमानंद वडिलांना तिच्याकडे घेऊन आला होता. काकांचं आयुष्य गिरणीच्या विणाई खात्यात, मागांच्या खडखडाटात गेलेलं. काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून, ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ त्यांनी बटण दाबलं नाही. पुढे कानाचं मशीन घेतलं, तेही डबीतच राहिलं. त्यात पंख्याचाच आवाज येते, तो तं मले असाही माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मिनलने मित्रांना सांगितलं होतं, काकांचा विचार करू नका, बिनधास्त लावा.

पाचवं गाणं संपलं. शांतता आली. धर्मेंद्रने दाराकडे पाहिलं. दार तसंच होतं. सहावं गाणं सुरू झालं तरी कुणी आलं नाही. वैभवीने डोळे पुसले. म्हाताऱ्या माणसाला आपण उगाच त्रास दिला, असा विचार तिघांच्याही मनात आला असावा, कारण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सहावं गाणं अर्ध्यावर असताना देवाजी काका दारात आले. हात रिकामे.

"सुरू नाही केलं का गा अजून?" त्यांनी धर्मेंद्रला विचारलं.

मिनल उठून त्यांच्यासमोर गेली. ओठ दिसतील अशी उभी राहून ती सावकाश म्हणाली, "सुरू आहे, काका. हळू लावलं."

"काहून?"

काकांनी तिघांचे चेहरे पाहिले, मग फोटोच्या दिशेने पाहिलं. त्यांना समजलं.

"मी पलंगावर बसून वाट पाहून राहिलो," ते म्हणाले. "पलंग हालला नाही तं चहा कसा ठेवू? हालाची पाचवी खेप सुरू झाली का ठेवतो, बंद झाली का आणतो. मंग लय येळ बंदच राहते. तेवढ्यात देऊन होते. पुन्हा सुरू झालं तं ट्रेमधी सांडते."

ते आपल्या खोलीत परत गेले.

धर्मेंद्रने अल्बम थांबवला. नियम मोडल्याचं कुणी म्हटलं नाही. त्याने पहिलं गाणं लावलं, आणि बटण ठिपक्यावर आणलं. खिडकीची काच थरथरली.

मिनल जागेवर बसली नाही. ती शेजारच्या खोलीत गेली. लोखंडी पलंग भिंतीला चिकटून होता आणि भिंतीपलीकडे स्पीकर. काका पलंगावर बसून होते, एक पंजा डोक्याकडच्या दांडीवर. तिने पायथ्याची दांडी धरली. लोखंड जिवंत असल्यासारखं कापत होतं.

तिला काकांच्या चाचणीचा आलेख आठवला. उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, तो दरीत उतरल्यासारखा खाली गेला होता. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, तो बराच वर होता. दोन्ही बाजू तिनेच काढल्या होत्या. पाहिली मात्र तिने फक्त दरी.

"तो आला का पलंगाले समजे," काका म्हणाले. ते तिच्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते. "रात्रपाळीहून आला का सकाळी, दिवसपाळीहून आला का संध्याकाळी. जेवाच्या आंधी हेच लावे. मले कधी उठून पाहा नाही लागलं, पोरगा घरी आला का नाही म्हून."

भिंतीच्या या बाजूला शब्द पोचत नव्हते. वैभवीचे शब्द नव्हते, धर्मेंद्रची गिटार नव्हती. राहिलं होतं ते फक्त बेस आणि मोठा ड्रम. इतकी वर्षं ऐकूनही मिनलच्या लक्षात आलं नव्हतं की दुसऱ्या गाण्यातल्या बेसच्याच चार सुरांवर पुढे तिसरं चालतं, अधिक हळू, आणि चौथं त्याहून हळू. उन्हात चालणारा माणूस थकत जावा तसं. हे तिला पलीकडे जाऊन सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण ते ऐकायला ज्याला सगळ्यात जास्त आवडलं असतं, तो नव्हता.

चौथं गाणं संपताना तिने काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वळून पाहिलं.

"काका, स्पीकर नेऊ का आम्ही?"

"दीक्षा म्हणते, जागा होते." ते थांबले. "तुम्ही नेसान तं तिकडं वाजतीन तरी. इथं कोण वाजवन?"

"तुम्ही."

"मले कुठं येते वं पोरी."

"शिकवते ना मी. दोन बटणं तं आहेत."

दांडीवरचा पंजा थोडा आवळला गेला. पाचवं गाणं सुरू झालं होतं. ते उठले, धोतराचा सोगा नीट केला आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांनी गॅस पेटवला. मिनल परत प्रेमानंदच्या खोलीत येऊन बसली.

गाणं संपलं आणि त्या शांततेत धर्मेंद्रचा फोन वाजला. टेम्पोवाला कोपऱ्यावर येऊन उभा होता. धर्मेंद्रने मिनलकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"नाही गा भाऊ, आज नाही," तो फोनवर हळू म्हणाला. "आज नाही आन् उद्याही नको येऊ. तुझ्या पेट्रोलचं मी पाहतो." त्याने फोन बंद करून लांब सरकवला.

देवाजी काका ट्रे घेऊन दारात आले. त्यांना थोडा उशीर झाला होता. वैभवी ट्रे घ्यायला उठली, पण त्यांनी मानेनेच तिला बसवलं. शांतता संपत आली होती. आता खाली ठेवला नाही तर सांडेल हे त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. ते उंबऱ्यावर पाय रोवून उभे राहिले, दोन्ही हातांनी ट्रे धरून.

सहाव्या गाण्याचा पहिला ठोका पडला. चारही कपांमध्ये काठापासून मध्यापर्यंत बारीक वर्तुळं उमटली. पुढच्या ठोक्याला पुन्हा उमटली. काका खाली वाकून ती बघत होते. चहा ट्रेमध्ये सांडत होता, आणि कुणीही कप उचलला नाही.