आल्याच्या वासाचं रक्त

"निघालं! मूळ निघालं!"

कुमासी शहरातल्या एका पत्र्याच्या प्रार्थनागृहात एकच गलका उठला. संदेष्टे अम्पोन्सा यांनी सेरवाच्या गळ्याखालच्या गाठीवर रुमाल दाबला, डोळे फिरवले, "बाहेर ये, चेटकिणीच्या बी!" अशी आरोळी ठोकली आणि रुमालातून लाल थेंब ठिबकू लागले. मग दोन बोटांत धरून त्यांनी एक काळी कुळकुळीत बी उंच केली. ना सुरी, ना टाका! ढोल घुमले. तीन बायका घेरी येऊन पडल्या. पडण्याआधी मात्र तिघींनीही चटई कुठे आहे ते बघून घेतलं.

"सहा महिने दवाखान्यानं सुया टोचल्या, तरी गाठ तिथंच!" संदेष्टे गरजले. "मी फुंकर मारली, काम फत्ते!"

सेरवा दर शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा न घेणारी बाई. प्रार्थनेला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती पुढे आली होती. पण दोन गोष्टी तिला खटकल्या. रक्ताला चक्क आल्याचा आणि लवंगेचा वास येत होता. आणि चाचपून पाहिलं, तर गाठ जिथल्या तिथे.

मुळात ती गाठ कॅन्सरची नव्हतीच. केमोच्या औषधांनी हाताच्या शिरा जळू नयेत म्हणून डॉक्टरांनी कातडीखाली एक डबी बसवली होती, तिची नळी थेट मोठ्या शिरेत. तिला पोर्ट म्हणतात. सेरवाचे उपचार संपले होते, तपासण्या चांगल्या आल्या होत्या. मंगळवारी पोर्ट काढायचं होतं.

"संदेष्टेबाबा, गाठ हाताला लागतेय की अजून," ती हळूच म्हणाली.

"ते नुसतं टरफल, पोरी! चाळीस दिवसांत विरघळेल. तोवर सुरी लावलीस, तर रोग उलटेल!"

बाहेर पडताच शेजारच्या आफ्रियेनं तिचा हात धरला. तिच्याही गळ्याखाली पोर्ट होतं आणि चार केमो बाकी होते.

"मावशी, पुढच्या रविवारी मीही काढून घेते. मग कशाला हवेत ते केमो? केस गेले, तोंडाची चव गेली."

"अगं वेडे, तुझा इलाज अर्ध्यावर आहे!"

"तुमचं निघालेलं मी डोळ्यांनी पाहिलं ना!"

सेरवाच्या मनात आलं, या पोरीचा जीव जाणार, तोही आपल्याच छातीवरचा तमाशा बघून!

घरी येऊन तिनं पांढऱ्या झग्यावरच्या डागाला साबण लावला. डाग निळा-हिरवा झाला. सेरवा बघतच राहिली, मग एकटीच हसली. वीस वर्षं ती बाजारात सोबोलो विकत होती. लाल अंबाडीची सुकी बोंडं, आलं आणि लवंग उकळून केलेलं ते सरबत. साबण लागला की त्याचा डाग निळा पडतो, हे तिच्या प्रत्येक ॲप्रनला ठाऊक होतं. शनिवारीच चर्चचा डीकन, म्हणजे संदेष्ट्यांचा मदतनीस, दोन बाटल्या घेऊन गेला होता. म्हणे, "संदेष्ट्यांचा घसा बसलाय!"

मंगळवारी ती मुकाट्यानं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर केली. सेरवा जागीच होती, ओठांत स्तोत्र चालू होतं.

"दुखतंय का?"

"नाही. कुणी कापडाचं टोक ओढावं तसं वाटतंय. स्तोत्र थांबवू?"

"छे, म्हणा. माझाही हात स्थिर राहतो."

थोड्याच वेळात डबी बाहेर आली. मोठ्या बटणाएवढी, मागे लांब शेपटी. सेरवानं ती बाटलीत मागून घेतली.

रविवारी आफ्रिये खुर्चीत बसली होती. संदेष्ट्यांनी रुमाल दाबला, लाल थेंब गळले, ढोल सुरू झाले. तेवढ्यात सेरवा साबणाच्या पाण्याची बादली घेऊन पुढे आली.

"बाबा, रुमाल मळला. द्या, धुऊन देते."

त्यांनी हात मागे घेण्याआधीच तिनं रुमाल ओढून बादलीत बुचकळला. रुमाल निळा-हिरवा झाला. घडीतून स्पंजचा तुकडा तरंगत वर आला आणि त्याच्यामागून पामची काळी बी टपकन तळाशी गेली.

"बायांनो, माणसाचं रक्त साबणानं निळं होतं का गं?"

"सोबोलो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं प्रार्थनागृह हसू लागलं.

सेरवानं बाटली वर धरली. "ही मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी काढली. मग आदल्या रविवारी तुम्ही काय काढलंत?"

"हिच्यात सैतान बोलतोय!"

"सैतान कशाला, बाबा? माल माझाच आहे. यंदा आलं जरा जास्त पडलं, एवढंच."

घामानं निथळलेले संदेष्टे मागच्या दारानं निघाले. चटईवरच्या तिघींची घेरीही झटकन उतरली.

आफ्रियेनं गळ्याखालचं पोर्ट चाचपलं. ते जागेवरच होतं.

"मावशी, गुरुवारी केमो आहे. येता सोबत?"

"येते. तिथं बसून दोघी प्रार्थना करू. डॉक्टरांच्या हाताला यश माग, तुला बळ माग. पण गाठ काढली असं कुणी म्हणालं, तर आधी चाचपून बघ आणि विचार, मग हाताला लागतेय ती काय? देवाला प्रश्नाचा राग येत नाही, आफ्रिये. ज्याच्या रुमालात स्पंज असतो, त्यालाच येतो."