जाड तारेची खरखर

वाद्यं दुरुस्त करणारा मिस्त्री सरस गरम करायला दुकानाच्या आतल्या खोलीत गेला, तेव्हा बेसवाल्याने पेन्सिल डाव्या हातात धरली आणि खुंटीवर टांगलेल्या बेस गिटारच्या कार्डावर लिहायला घेतलं. 'जाड तार खरखरते. मानेतच दोष आहे.' ओळ सहा शब्दांची, पण तिने त्याचा घाम काढला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डावा हात वापरला होता आणि ते काम चोख झालं. अक्षरं इतकी वेडीवाकडी पडली की त्याची त्यालाही ओळखू आली नसती. आतून पावलं वाजली तशी त्याने पेन्सिल सोडली आणि तारांच्या पाकिटांकडे मन लावून पाहू लागला.

बासष्टाव्या वर्षी माणसाने असली लबाडी करणं शोभत नाही, हे त्याला कळत होतं. पण कळून काय करता?

दुकानाची एक जुनी पद्धत होती. एखाद्या वाद्यात खोट आहे की नाही अशी शंका आली, की मिस्त्री ते आठवडाभर दाराजवळच्या खुंटीवर टांगायचा आणि त्याच्या गळ्यात कार्ड बांधायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या वाजवणाऱ्यांनी ते उतरवून वाजवायचं आणि आपलं मत एका ओळीत लिहायचं. नाव लिहायचं नाही, वाद्य कोणाचं ते विचारायचं नाही, आणि वाद्याच्या मालकाने तर पेन्सिलीला हातही लावायचा नाही. हे वाजवणारे एरवी एकमेकांच्या नावाने नाकं मुरडत, पण कार्डावर तीस वर्षांत कोणी खोटं लिहिलं नव्हतं. ती कामगिरी आता बेसवाल्याच्या नावावर जमा झाली.

बेस त्याच्या मुलीने आणला होता. घरात त्याचा पंचविशीतला एक फोटो आहे. त्यात त्याच्या गळ्यात फिक्या हिरव्या रंगाचा, साईच्या रंगाची पट्टी असलेला बेस आहे. तो पुढे एका दौऱ्यात गाडीच्या टपावरून पडून फुटला आणि त्यानंतर बेसवाल्याने स्वतःच्या वाद्याची केस कधी कोणाला उचलू दिली नाही. मुलीने तो फोटो फोनमध्ये घेऊन तीन महिने दुकानं पालथी घातली आणि हुबेहूब तसाच शोधून काढला. नवाकोरा, पण जुन्या वळणाचा. कडांचा रंगसुद्धा कारखान्यातच घासून उडवलेला, जणू कोणीतरी चाळीस वर्षं वाजवलाय. तिने खोका उघडला तेव्हा तो नुसता त्या घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

आणि दोनच आठवड्यांत तो म्हणू लागला की जाड तार खरखरते.

तार खरखरत होती, हे खरं होतं. कारण मात्र वेगळं होतं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिला पुरती दाबतच नव्हती. हिवाळ्यापासून सकाळी शर्टाची गुंडी लावताना ती बोटं दुसऱ्या कोणाची असल्यासारखी वागत. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या ऑर्केस्ट्रातल्या ड्रमवाल्याला सांगितलं की बेसची मान वाकडी आहे. मुलीलाही तेच सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"मी नीट बघून घ्यायला हवा होता ना बाबा?"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण बोटं गेली म्हटलं की रविवारचा कार्यक्रम गेला, ऑर्केस्ट्रा गेला, मग आठवड्याच्या सात दिवसांचं करायचं काय? तो गप्प बसला. कार्डावर दोष निघाला की सोमवारी बेस परत करू, असं तिनेच ठरवलं. तिला त्यात काय वाटत असेल, याचा विचार त्याने बाजूला सारला होता. रोज सारत होता, आणि त्यानेच तो जास्त दमला होता.

शुक्रवारी ती त्याला दुकानापाशी सोडून गाडी लावायला जागा शोधत पुढे गेली. मिस्त्रीने बेस खुंटीवरून उतरवून कामाच्या टेबलावर ठेवला होता. त्याने कार्ड पुढे केलं. बेसवाल्याने चष्मा लावला.

'दिसायला आजोबा, आवाजाने नातू. माझ्याकडे असाच आहे, देणार नाही.'

'मान खाली झुकते. पट्टा रुंद घ्या.'

'मुद्दाम घासलेला रंग बघून हसू आलं. मग तासभर खाली ठेवला नाही.'

'आवाजाचं एक बटण शोभेचं आहे. बाकी झकास.'

मग त्याची ती वेडीवाकडी ओळ. आणि तिच्याखाली, ठसठशीत अक्षरात:

'कुठे खरखरते? मला नाही ऐकू आली.'

'मलाही नाही. मान सरळ आहे, पट्टी लावून पाहिली.'

'असाच होता, विकला. अजून झोंबतं.'

त्याने कार्ड दोनदा वाचलं. लोक एवढे मन लावून लिहितील, वर पट्टी लावून बघतील, हे त्याने धरलंच नव्हतं. कान गरम झाले. मिस्त्री त्याच्याकडे न पाहता फडक्याला हात पुसत होता.

"आठ जणांनी लिहिलंय," मिस्त्री म्हणाला. "सात जणांच्या मते काही करायची गरज नाही. मी आठव्याचं ऐकलं."

"म्हणजे?"

"ज्यानं कोणी ते लिहिलंय ना, त्याचा हात दुखतोय. अक्षर बघ की. पेन्सिलसुद्धा नीट धरवली नाहीये त्याला." त्याने बेस उचलून बेसवाल्याच्या हातात दिला. "आधीपेक्षा बारीक तारा चढवल्यात आणि मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांच्या अगदी जवळ आणल्यात, दाबायला जोर लागणार नाही. आता कोणी जाड तार जोरात छेडली, तर खरोखरच खरखरेल. त्या सात जणांना नाही आवडणार. त्या एकालाच जमेल."

बेसवाला स्टुलावर बसला. डावी बोटं मानेवर ठेवली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जाड तारेवर टेकवलं आणि उजव्या हाताने हलकेच छेडलं. सूर निघाला. चाळीस वर्षांपूर्वीच्या जोमाचा नव्हता, पण स्वच्छ होता, आणि बराच वेळ टिकला. मिस्त्री उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिला. एवढ्या वर्षांच्या ओळखीत बेसवाल्याला त्याच्यासमोर इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं बरंही.

"रविवारी वाजवता येईल," मिस्त्री ड्रॉवरकडे बघतच म्हणाला. "संथ गाणी घे. पुढचं पुढे. आणि डॉक्टरला दाखव."

मुलगी आत आली ती धापा टाकतच, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागली होती. तिने आधी मिस्त्रीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"निघाला दोष?"

मिस्त्रीने पुन्हा ड्रॉवरमध्ये डोकं घातलं. तो बोलला असता तर बेसवाल्याला त्याच्या मागे दडता आलं असतं. बेसवाल्याने कार्ड तिच्या हातात दिलं. ती आजोबा-नातवाच्या ओळीला हसली, रंगाच्या ओळीला आणखी हसली. मग तिचं बोट वेड्यावाकड्या अक्षरांवर थांबलं.

"हे कोणी लिहिलंय? बालवाडीतल्या पोरानं?"

"मी," तो म्हणाला. "डाव्या हातानं."

तिला लगेच उमगलं नाही. ती कार्डाकडे पाहत राहिली, मग त्याच्या हाताकडे. त्याने बेस केसमध्ये ठेवला. झाकणाच्या कड्या उजव्या हाताने एकेक करून बंद केल्या आणि केस टेबलावरच राहू दिली.

"तू अगदी नीट बघूनच घेतला होतास," तो म्हणाला. "जरा उचलतेस का गं? मला नाही होत."

तिने दोन्ही हातांनी केस उचलली.