नागप्पाच्या गाडीखालची टाकी

जरा माझ्याबरोबर पोटावर पालथे पडा बघू. हो, इथेच, या बाभळीच्या मागे. वाळू तापलेली आहे, कोपराला चटका बसेल, पण आवाज करायचा नाही. आपल्या शेजारी दहा वर्षांची सिंधु पडली आहे. तिला तिच्या गावाने, टाकळवाडीने, हेरगिरीवर धाडलं आहे. पाण्याची लॉरी रोज नदीत थांबून काय करते, ते बघून यायचं.

नदी कसली, नुसती वाळू. लॉरी पलीकडच्या उतारावरून आली आणि वाळूच्या काठाशी थांबली. ड्रायव्हर नागप्पा खाली उतरला. पन्नाशीचा, कपाळावर भस्माचे पट्टे, चालताना एका बाजूला झुकणारा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसला. सूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

सिंधुने मान उंचावली. पाणी सोडतोय! पण वाळू काही भिजली नाही. नागप्पा चारी मागच्या चाकांशी तसाच बसला, मग गाडीत चढून वाळूतून हळूहळू अलीकडे, आपल्या बाभळीजवळ आला. तिथे पुन्हा उतरला. पायाने दाबायचा पंप काढला आणि दाबत बसला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. बराच वेळ गेल्यावर मान वर न करताच तो म्हणाला, "अव्वा, पोरी, काटा टोचंल. इकडं ये, सावलीला बस."

सिंधु उठली. पकडलं गेल्यावर पळायचं की जायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती गेली.

"काय करून राहिलात?"

"हवा भरून राहिलो. भरली गाडी हाय. टायर टणक असला की वाळूत रुततो. हवा कमी केली की पसरतो, उंटाच्या पायासारखा. म्हणून सोडायची."

"मग परत कामून भरता?"

"पुढं तुमच्या गावाचा चढ बघितला का? सगळे अणकुचीदार दगड. नरम टायर तिथं फाटून जाईल." तो पुन्हा पंप दाबू लागला. "दीड तास जातो. तुमचं गाव मला शिव्या देऊन राहिलं, माहीत हाय मला."

सिंधुने जे पाहिलं ते गावात येऊन सांगितलं. पारावर बसलेल्या पंचाक्षरी अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते गावचे दुकानदार आणि गावात अर्ज लिहिणारे एकटेच.

"चाकातली हवा सोडतो, आन परत भरतो? याला काय अर्थ हाय?"

"गोड गोळ्या दिल्या असतील हिला," केवळाबाई म्हणाली. केवळाबाईची घागर रांगेत पहिली असायची आणि आवाजही. "दीड तासात पाणी कुणाच्या केळीच्या मळ्याला जातंय, ते हिला कसं कळणार?"

"न्हाई वं मावशी, मी बघितलं!"

"बघितलं म्हणं! बोटाएवढी पोर."

खोटं बोलल्यावर मार खाणं सिंधुला ठाऊक होतं. खरं बोलून खोटं ठरणं मात्र तिला नवीन होतं.

तिकडे नागप्पालाही तो दीड तास सलत होता. सुट्टीच्या दिवशी तो उदगीरला ताहेरभाईच्या टायरच्या दुकानात गेला. गाडीवरच बसेल असा हवेचा कम्प्रेसर त्याला हवा होता. त्याच्या जुन्या लॉरीचे ब्रेक तेलाचे. हवेचे ब्रेक असते तर कम्प्रेसर आधीच इंजिनाला असता आणि ही गोष्टच घडली नसती.

ताहेरने दोन यंत्रं पुढे ठेवली. एक हैदराबादहून आलेलं, डबीएवढं, बॅटरीवर चालणारं, चकचकीत. दुसरं मोडीत निघालेल्या लॉरीच्या इंजिनावरून काढलेलं, काळंकुट्ट, पट्ट्यावर फिरणारं.

नागप्पाचा हात चकचकीत यंत्राकडे गेला. "याच्यावर एकशेवीस पौंड हवा लिवलीय. माझ्या टायरला नव्वदच लागते."

"सगळे इथंच फसतेत," ताहेर हसला. "दाब किती, ते नको विचारू. मिनटाला हवा किती देतं, ते विचार. नळाला जोर लई हाय, पण धार सुतळीएवढी, तर तुझी टाकी कवा भरंल?"

"मी रोज पाणीच भरतो, ताहेरभाई. कळलं."

"कळलं म्हणू नको. बघ."

ताहेरने दोघांनाही एकेक रिकामा टायर लावला आणि घड्याळ समोर ठेवलं. चकचकीत यंत्र किरकिरत राहिलं. टायर अर्धाही भरला नाही तोवर ते इतकं तापलं की त्याला बंद करून गार व्हायला ठेवावं लागलं. काळ्या यंत्राने त्या अवधीत टायर भरून टाकला.

नागप्पाने काळं यंत्र घेतलं. ताहेरने ते इंजिनाला बसवलं, हवा साठवायला गाडीच्या पोटाखाली एक लहान टाकी लावली आणि चारी चाकांपर्यंत पोचेल असा रबरी पाइप दिला.

"एक ध्यानात ठेव. टाकीच्या बुडाला ही तोटी हाय. रोज खोलायची. हवा दाबली की तिच्यातला ओलावा खाली बसतो. न्हाई काढला तर टाकी गंजून जाईल."

त्या दिवसांत रोहिणी नक्षत्र संपत आलं होतं. आभाळ भरून यायचं, अंगाला घामाच्या धारा लागायच्या, पाऊस मात्र नाही. दुसऱ्या दिवशी लॉरी सव्वा तास लवकर गावात आली. नागप्पाला वाटलं होतं, आज कुणी शिवी देणार नाही.

शिवी दिली नाही. पण बाया घागरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आज कसा काय लवकर?" केवळाबाईने विचारलं. "रोज उशीर व्हायचा, तो खोटाच होता म्हणायचा."

नवीन यंत्राच्या कौतुकात नागप्पा गाडीखाली वाकला आणि ताहेरने सांगितल्याप्रमाणे तोटी खोलली. फस्स करून हवा आली आणि पाठोपाठ पाणी. थोडंसंच, ओंजळभरही नसेल. जमिनीवर पडलं आणि क्षणात मुरलं.

पण ज्या गावात माणशी एक घागर मिळते, तिथे ते सगळ्यांनी पाहिलं.

"चोरटाकी!" केवळाबाई ओरडली. "गाडीखाली चोरटाकी लावलीय मेल्यानं! अप्पा, या हो, पाणी गळून राहिलंय!"

"हवेची टाकी हाय ती, बाई. हवेतलं पाणी हाय."

"हवेत पाणी असतं तर आम्ही तुझी वाट कशाला बघितली असती?"

यावर गाव हसलं. नागप्पाही ओशाळून हसला, आणि तीच त्याची चूक झाली. चोर हसतोय, असं सगळ्यांनी ठरवलं.

अप्पांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला. बेचाळीस अंगठे उठले. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पूर्वी उस्मानाबादला अर्ज गेला की उत्तराला दोन महिने लागत. आता अप्पा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने लातूरला गेले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. नव्या ऑफिसात साहेब खुर्चीवर होता, टेबलाला रंगाचा वास येत होता, आणि अर्ज समोरच वाचला गेला.

अप्पा लातुरात होते, त्याच दिवशी लॉरी आली. सिंधु थेट नागप्पापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, ती टाकी पार रिकामी करा. मी बघते. मग परत गाडी चालू करा."

नागप्पाने तिच्याकडे पाहिलं आणि तोटी खोलली. हवा गेली, थेंब गेले, आवाज थांबला. सिंधुने स्वतःच्या हाताने तोटी बंद केली. मग इंजिन चालू झालं. ती गाडीखालीच बसून राहिली, कुणाला तोटीला हात लावू दिला नाही. टाकी हवेने भरली की नागप्पा पाइपाने ती मोकळी करायचा आणि पुन्हा भरायचा. असं पाच-सहा वेळा झालं. इंजिन थांबलं. तिने तोटी खोलली. आधी हवा, मग चार-पाच थेंब, दुधाळ. तिने ते तळहातावर घेतले आणि जीभ लावली.

"थूः! तेल हाय हे!"

तिने हात केवळाबाईपुढे धरला. केवळाबाईने बोट बुडवलं, चाखलं आणि पदराने तोंड पुसत राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"हे पाणी तर आपल्या घागरीतलं न्हाई."

"हवेतलं हाय," सिंधु म्हणाली. "काल काका तेच सांगत होते."

नागप्पाने त्या दिवशी प्रत्येक घागर काठोकाठ भरून दिली. जाताना सिंधुला म्हणाला, "अव्वा, तू तरी तपासून बघितलंस." बस, एवढंच.

संध्याकाळी अप्पा उतरले तेव्हा लोक एसटीजवळ उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला.

"आता साहेबानं हुकूम काढला. उद्यापासून ड्रायव्हर बदलला."

"मग दुसरा अर्ज लिवा की, अप्पा," सिंधु म्हणाली.

"लिवू," अप्पा म्हणाले. "लिवू की." आणि घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तीच लॉरी घेऊन नवा ड्रायव्हर निघाला. चंद्रप्पा त्याचं नाव, विशीतला पोरगा. गाडीखालच्या टाकीचा उपयोग त्याला कुणी सांगितला नव्हता. तो भरल्या गाडीने आणि टणक टायरने वाळूत शिरला आणि चाकाच्या आसापर्यंत रुतला. गाडी हलकी करायला अर्धं पाणी तिथेच सोडावं लागलं. टाकळवाडीच्या बाया ओली वाळू उकरत बसल्या. केवळाबाईही होती. त्या दिवशी कुणी कुणाला चोर म्हणालं नाही.

पुढच्या सकाळी सिंधु घागर घेऊन रांगेत थांबली नाही. ती नदी ओलांडून पलीकडच्या काठावर गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. लॉरी दिसताच तिने दोन्ही हात पसरले. चंद्रप्पाने ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ए पोरी, मरायचंय का?"

सिंधु मागच्या चाकाशी गेली, उकिडवी बसली आणि हवेच्या नळीचं टोपण फिरवू लागली.